चौथ्याची बाजू

पहिल्या तालमीला आम्ही चौघे होतो.
केमीच्या कागद-गिरणीमागे होड्या दुरुस्तीची शेड,
बाहेर उणे एकवीस, आत उणे नऊ.
तारा दर दहा मिनिटांनी बेसूर व्हायच्या,
आम्ही पुन्हा पुन्हा जुळवायचो.
तुओवी म्हणाली, इतक्या तारा हव्यातच कशाला?
पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं.

आधी झांजा गेल्या. मग मोठा ड्रम.
वेइयोकडे उरला एकच, छोटा,
त्यावर आईच्या स्वयंपाकघरातला टॉवेल, निळ्या रेघांचा.
इर्याने ऑर्गनच्या डाव्या बाजूच्या पट्ट्यांना
चिकटपट्टी लावून टाकली,
चुकूनही बोट जायला नको.
मग ध्रुवपदं गेली. तुओवीचं म्हणणं,
एकदा सांगितलंय ना, लोक काही बहिरे नाहीत.
मग मी.

कुणी रागावलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.
नंतर मासिकांत मतभेद वगैरे छापून आलं.
मतभेदांना याहून मोठा आवाज लागतो.
वेइयोने माझा ॲम्प्लिफायर घसरगाडीवर चढवला,
दोरी माझ्या हातात दिली, म्हणाला,
एन्सिओ, तू चांगला वाजवतोस.
अडचण तीच आहे.

त्यांनी नाव ठेवलं 'तीन खुर्च्या'.
पहिली तबकडी तीनशे प्रतींची,
वेष्टण गिरणीच्या रद्दी कागदाचं, त्यावर काही छापलेलं नाही.
हेलसिंकीच्या एका समीक्षकाने विचारलं,
उरलेलं गाणं टपालाने येणार आहे का?

मी तेव्हा बंदरावर लागलो होतो,
जहाजात चढणारी कागदाची रिळं मोजायला.
एक, दोन, तीन, आणि काट्यावरचं वजन.
तिथल्या जेवणघरात, रेडिओवर,
फ्रिजच्या जाहिरातीत त्यांचे नऊ सूर ऐकले.
त्या वर्षी अख्खा देश दूध काढताना तेच गुणगुणत होता.
त्या पैशांत इर्याच्या वडिलांची कवळी झाली,
वेइयोच्या होडीला इंजिन आलं.
तुओवीने काय केलं, कुणाला ठाऊक नाही.

रॉटरडॅमला लोक ओरडले, आवाज वाढवा.
तुओवीने कमी केला.
पाचशे माणसं पुढे सरकली,
कोटांची खसखस होऊ नये म्हणून कोट काढून हातात धरले.
हे मला इर्याच्या पोस्टकार्डावरून कळलं.
त्यावर फक्त लिहिलं होतं: कोट. पाचशे. ये.
मी गेलो नाही. बर्फफोडी जहाज येणार होतं.

तुर्कूला एका रात्री इर्याला ताप होता.
दोघांनीच वाजवलं.
टाळ्या तेवढ्याच पडल्या, एक माणूससुद्धा काही बोलला नाही.
आत आल्यावर तुओवी म्हणाली, बघितलंस, चाललं की.
वेइयो टॉवेलची घडी करत होता.
त्याने ती पूर्ण केली, खिशात घातली,
आणि रात्रीच्या गाडीने घरी आला.
सात वर्षं, चार तबकड्या,
सगळं मिळून एक तास अकरा मिनिटं.

आता एक माझ्याबद्दल.
पहिल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, शेवटी,
माझा एक खर्ज राहून गेलाय.
तो पुसला की तुओवीचा श्वास कापला जायचा,
म्हणून ठेवला.
त्या एका सुराचं भाडं दर मार्चमध्ये येतं,
पूर्वी एक्केचाळीस मार्क, आता सात युरो.

वेइयो मागल्या हिवाळ्यात गेला.
चर्चमध्ये स्तोत्राची चार कडवी ठरली होती,
तुओवीने वादकाला एकच वाजवायला सांगितलं.
नंतर आम्ही शेडमध्ये बसलो, ती, इर्या आणि मी,
खुर्च्या नव्हत्याच, उलट्या होडीवर.
इर्याने ऑर्गनवरची चिकटपट्टी नखाने सोडवली.
तासभर लागला. सगळ्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात,
खालच्या तेवढ्या पांढऱ्या, दुकानातल्यासारख्या.

कुणी वाजवून पाहिल्या नाहीत.
तुओवीने कॉफी ओतली, मला विचारलं,
साखर अजूनही तीन चमचे?
हो म्हटलं.
तिने तीन घातले.